ओढण्याचे बळ आणि थांबविण्याचे बळ

बेल्ह्याकडून अहिल्यानगरच्या दिशेने जाणारा कल्याणचा महामार्ग गुळुंचवाडीनंतर घाट चढतो आणि आण्याच्या कोरड्या पठारावर येतो. पठारावरचा कांदा या वाटेने आळेफाट्याच्या बाजारास उतरतो. उन्हाळ्यात पठाराला पाणी लागते ते टँकरचे. या दोन्ही ओझ्यांना अनेकदा ट्रॅक्टरच जुंपलेला असतो.

पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः जेमतेम दोन टनांचा. मागच्या टाकीत 5,000 लिटर पाणी भरले की पाण्याचेच वजन पाच टन; टाकी आणि सांगाडा निराळा. तो हे ओझे ओढतो, म्हणून ते त्याला झेपते, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः ओढण्याचे बळ निराळे आणि थांबविण्याचे निराळे. वीस फुटांस एक फूट असा उतार धरला, तर सहा टनांची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारे तीनशे किलोच्या जोराने सतत पुढे रेटीत असते. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागच्या दोन चाकांनाच. त्यातही शेतात वळण्याच्या सोयीसाठी त्यांची पायटी डावी-उजवी अशी वेगळी असतात. रस्त्यावर येताना ती एकमेकांस अडकविण्याचे राहून गेले, तर एकच चाक धरते आणि ट्रॉली आडवी होते. चढावर पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते, ते वेगळेच. एवढ्यावर डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून उतरणारे महाभागही आहेत!

कायदा याविषयी मुग्ध नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 194 व्या कलमात, 2019 च्या दुरुस्तीनंतर, जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज वाहन हलविता येत नाही. हा दंड चालविणाऱ्याइतकाच चालवू देणाऱ्यासही लागू आहे. विम्याची गोष्ट याहून कठोर आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून भाजी घेऊन बाजारास निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली विमा कंपनीस जबाबदारीतून मुक्त केले, कारण विमा शेतीकामापुरता होता. भाड्याने पाणी वाहणाऱ्या ट्रॅक्टरमालकांपैकी कितीजणांनी आपली पॉलिसी वाचली असेल?

तथापि सारा दोष चालकाच्या माथी मारणे न्याय्य नाही. जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात एकामागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. मग ओझे वाढणारच. परंतु साखर कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचे वजन नोंदले जाते. रात्री घाटात दबा धरून बसणाऱ्या कोणत्याही पथकाला इतका बिनतोड पुरावा मिळणार नाही. नोंदणीपत्रातील मर्यादेपलीकडच्या टनाची वाहतूक कारखान्याने देऊ नये आणि टँकरचे देयक काढताना पंचायत समितीने ट्रॅक्टरची कागदपत्रे पाहावीत. या दोन्ही गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. येत्या गळीत हंगामापासून त्या सुरू करता येतील.