गुरूवरचं वजन, पण उभं कुठे राहून?

विज्ञान केंद्रांत ‘ग्रहांवरचं तुमचं वजन’ दाखवणारे काटे असतात आणि मुलं त्यांच्यावर तुटून पडतात. इथे ४० किलो भरणारा मुलगा गुरूच्या काट्यावर चढला की आकडा थेट १०० च्या आसपास. त्यावरून गुरूवर जमीन असेल आणि तिथे उभं राहता येत असेल, असा समज सहज होतो. तशी जमीन तिथे नाही.

गुरू आणि शनी हे वायुमहाग्रह (मुख्यतः हायड्रोजन व हेलियमचे बनलेले प्रचंड ग्रह) आहेत. आमटीचं पातेलं आठवा. वर निवळ, खाली जावं तशी दाट; पाणी कुठे संपलं आणि डाळ कुठे सुरू झाली, ती रेघ दाखवता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी सोयीसाठी १ बार दाबाची (साधारण आपल्या समुद्रसपाटीइतक्या दाबाची) पातळी धरली आहे. काटा तिथलं वजन सांगतो.

गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट, मग वजन अडीचपटच का? ही पातळी गुरूच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या ११ पट लांब आहे, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ घटते. शनीची तर गंमतच आहे: वस्तुमान ९५ पट, पण वजन जवळजवळ इथल्याइतकंच. तो काटा बिघडलेला नसतो.

७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानातून सोडलेली शोधकुपी गुरूच्या वातावरणात शिरली. तासाभरात सुमारे १५० किलोमीटर खाली जाऊन ती उष्णतेने बंद पडली. जमीन तिला लागलीच नाही.