एका घरात दोन विद्यापीठे

निपाणी शहराला अगदी लागून अर्जुननगर आहे. गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातले, पण पत्त्यावर 'व्हाया निपाणी' लिहायचे आणि पिनकोडही निपाणीचाच. तिथले देवचंद कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. इकडे निपाणीत के.एल.ई. संस्थेचे बागेवाडी कॉलेज, ते बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचे. थोरला देवचंदला आणि धाकटी बागेवाडीला, असे घर आपल्याकडे नवलाचे नाही. कुणाला मराठीतून शिकायचे असते, कुणाला कर्नाटकातली नोकरी खुणावते, तर कुणाला नुसते मैत्रिणी जातात ते कॉलेज हवे असते.

एरवी या दोन विद्यापीठांतला फरक घरात जाणवायचा तो परीक्षा आणि सुट्ट्यांपुरता. करोनाच्या दोन वर्षांत मात्र तो रोज सकाळी जाणवू लागला. आईने विचारावे, "इवत्त कॉलेज ऐतेनु?" आणि दोन मुलांनी दोन उत्तरे द्यावीत!

मार्च 2020 मध्ये सगळेच बंद झाले तेव्हा निदान बंद तरी सारखे होते. खरी गंमत उघडण्याच्या वेळी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 5 नोव्हेंबर 2020 ला मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्ग टप्प्याटप्प्याने सुरू करावेत, आधी संशोधक, विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि शेवटच्या वर्षाची मुले यावीत, एका वेळी निम्म्यांहून अधिक नकोत, असे त्यात होते. पण राज्यांच्या विद्यापीठांनी कधी उघडायचे, हे त्या त्या राज्य सरकारवर सोपवले होते. सीमेवरच्या गावाला एवढे वाक्य पुरले.

कर्नाटकाने 17 नोव्हेंबर 2020 ला पदवी कॉलेजे उघडली. महाराष्ट्राने 15 फेब्रुवारी 2021 ला, तीही निम्म्या हजेरीने. म्हणजे बागेवाडीची मुले वर्गात बसू लागली तेव्हा हाकेच्या अंतरावरच्या देवचंदची मुले आणखी तीन महिने मोबाइलसमोरच होती. आणि महाराष्ट्राचे दार उघडते न उघडते तोच त्याच फेब्रुवारीत कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर अहवाल सक्तीचा केला. कोगनोळीच्या नाक्यावरच्या रांगा कोण विसरेल? पुढे दुसरी लाट आली आणि दोन्हीकडे पुन्हा कुलपे लागली.

कर्नाटकात वर्गात बसायचे तर दोन कागद लागत. एक 72 तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल, दुसरे पालकांचे संमतिपत्र, म्हणजे आपले 'ओप्पिगे पत्र'. अहवाल सरकारी यंत्रणेने द्यायचा होता. संमतिपत्र घरात लिहायचे होते. वर्गात आले नाही तरी ऑनलाइन शिकायची मोकळीक होती. कागदोपत्री ही सोय फारच समंजस. पण तिने निर्णय उचलून घराच्या उंबऱ्यात ठेवला, आणि तिथे तो कुणाच्या बाजूने झाला हे वेगळे सांगायला हवे का? मुलाच्या पत्रावर सही पटकन होई. मुलीला, "तू घरूनच ऐक, फोन आहे की," असे समजावले जाई. फोन घरात एक. तो वडिलांबरोबर कामावर गेला की तास संपला. कॉलेजच्या नोंदीत ती 'ऑनलाइन' होती. प्रत्यक्षात ती चुलीपाशी होती. टप्पे आखणाऱ्यांनी वर्ष पाहिले, शाखा पाहिली, बाकांमधले अंतर मोजले. घर कुणी पाहिले नाही, असे मला वाटते.

दुसऱ्या वेळी लस आली आणि तफावत आणखी वाढली. 26 जुलै 2021 ला कर्नाटकाने कॉलेजे उघडली ती एका डोसावर. महाराष्ट्राने 20 ऑक्टोबर 2021 ला उघडली ती दोन्ही डोसांवर. तेव्हा कोविशील्डच्या दोन डोसांत निदान 84 दिवसांचे अंतर होते. बहीण-भावाने ऑगस्टमध्ये एकाच दिवशी, एकाच केंद्रावर पहिली लस घेतली असती, तरी बहीण दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊ शकली असती आणि भाऊ नोव्हेंबरपर्यंत घरी! ज्यांची अठरा वर्षे भरली नव्हती अशा पहिल्या वर्षाच्या मुलांना तर लसच नव्हती. ती त्यांच्यासाठी 3 जानेवारी 2022 ला खुली झाली. याच काळात कर्नाटकाचा आणखी एक नियम होता. महाराष्ट्रातून शिक्षणासाठी रोज ये-जा करणाऱ्यांनी दर पंधरा दिवसांनी तपासणी करायची. नियम अक्षरशः वाचला तर अर्जुननगरहून संध्याकाळी निपाणीला घरी येणारा निपाणीचाच मुलगा 'महाराष्ट्रातून आलेला' ठरतो. आता हसू येते.

महाराष्ट्रातली कॉलेजे उघडून महिना होत नाही तोच एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. निपाणीच्या मुलांचे पायी भागले. कागल तालुक्याच्या आतल्या खेड्यांतून येणाऱ्यांना वडाप आणि दुचाकी हाच आधार. त्यातच ओमायक्रॉनमुळे जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्राची कॉलेजे पुन्हा मिटली आणि 1 फेब्रुवारीपासून उघडली. त्यानंतर मात्र घंटा नियमित वाजू लागली.

2020 मध्ये पहिल्या वर्षात गेलेली मुले 2023 मध्ये पदवीधर झाली. जी मधेच गळली त्यांत कुणी दुकानात कामाला लागले, कुणाचे लग्न झाले. त्या वेळी ज्यांच्या संमतिपत्रावर सही झाली नाही, त्या मुली आज तेविशी-चोविशीच्या आहेत. तुमच्या घरात अशी मुलगी किंवा सून असेल, तर तिच्या जुन्या गुणपत्रिका जपून ठेवलेल्या आहेत का ते एकदा पाहा. मैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र आहे. प्रवेशाची जाहिरात दरवर्षी येते. या वेळी सहीसाठी तिला कुणापुढे कागद धरावा लागणार नाही, ती सज्ञान आहे. फी आणि घरातले दोन तास मात्र तिला द्यावे लागतील.