रूम बघितली का?

अ‍ॅडमिशन पक्की झाली. होस्टेलची लिस्ट लागली, तुमचं नाव नाही. कॉलेज सुरू व्हायला आठ दिवस उरलेत आणि बाबा रोज विचारतायत, 'पुण्यात राहायचं काय ठरलं?' अशात मोबाइलवर स्क्रोल करताना ती दिसते. वन बीएचके, फर्निश्ड, कॉलेजपासून चालत दहा मिनिटं, भाडं फक्त आठ हजार. फोटोत पांढरीशुभ्र गादी, वॉशिंग मशीन आणि खिडकीत चक्क तुळस!

कोथरूड-कर्वेनगरात ज्यांनी रूम शोधलीय त्यांना हा फोटो दाखवा, ते आधी हसतील. तिथं खिडकीत तुळस नसते, समोरच्या बिल्डिंगची भिंत असते.

पण तुम्ही नवीन आहात, म्हणून फोन करता. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी आदबीनं बोलतो. सैन्यात आहे म्हणे, बदली झालीय, फ्लॅट रिकामा पडलाय. भाड्याचं काही नाही, मुलं चांगल्या घरची हवीत. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर वर्दीतला फोटो, आधारकार्ड, कॅन्टीन कार्ड येतं. हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी चोरलेलं किंवा बनवलेलं असतं. फ्लॅट बघायचाय म्हटलं, की सोसायटीचा 'नियम' निघतो: आधी गेटपासचे दोन हजार भरा, परत मिळतील. ते भरले की टोकन. टोकन दिलं की 'अजून तीन जण मागे लागलेत', म्हणून अर्धं डिपॉझिट. शंका आली आणि पैसे परत मागितले, तर तो अजिबात चिडत नाही. क्यूआर कोड पाठवतो. 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.'

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन टाकला की पैसे जातात.

माझ्या एका रूममेटचे असेच चौदा हजार गेले. हुशार पोरगा, इंजिनीअरिंगचा. पैसे आईनं भिशीतून काढून दिलेले. त्यानं दोन महिने घरी सांगितलं नाही, आम्हालाही नाही. मेसचा रात्रीचा डबा बंद केला आणि 'भूक नसते रे हल्ली' म्हणत राहिला. आम्हाला कळलं तोवर तक्रारीचा उपयोग उरला नव्हता.

म्हणून लाज नंतर वाटून घ्या, आधी 1930 ला फोन लावा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर पळवले जातात. तुमची तक्रार लवकर पोचली, तर वाटेतल्या बँकेला ते अडवून ठेवता येतात. पैसे मिळतीलच याची खात्री नाही, पण दोन महिन्यांपेक्षा दोन तासांत शक्यता खूप जास्त. व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका.

आता खऱ्याखुऱ्या मालकाकडे येऊ. तो भामटा नसतो, पण रूम सोडताना भिंतीवर खिळ्याचं भोक दाखवून डिपॉझिटमधले सहा हजार कापतो. 'अ‍ॅग्रीमेंट कशाला, आपण घरच्यासारखे' असं म्हणणारे काका-काकू तर हमखास भेटतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे काकांना भांडून नाही, हसत सांगा. करारात डिपॉझिट किती, परत कधी, रंगाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, हे वाचूनच सही करा. डिपॉझिट खात्यावरच द्या. राहायला जाल त्याच दिवशी, सामान लावायच्या आधी, सगळ्या रूमचा व्हिडिओ काढा. भिंती, नळ, खिडकीची काच, सगळं.

पीजी, खासगी होस्टेल किंवा मेस असेल तर तुम्ही ग्राहक आहात. पैसे घेऊन राहण्या-जेवणाची सोय करणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार 'सेवा' आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची. आणि पीजी पुण्यात असला तरी तुम्ही लातूरला राहत असाल, तर लातूरच्या आयोगातही करता येते.

तर, ती तुळशीवाली रूम. बघायला स्वतः जा, नाहीतर पुण्यातल्या मावसभावाला पिटाळा. वर जायच्या आधी वॉचमनकाकांना मालकाचं नाव विचारा. मग आधी राहून गेलेल्या पोरांचा नंबर मागा आणि त्यांना फक्त एवढंच विचारा, डिपॉझिट परत मिळालं का? पाणी किती वाजता येतं, हे ते न विचारताच सांगतील.