कौलं चाळायची राहून गेली

दाराची कडी माझ्या हातात आली आणि दार होतं तिथंच राहिलं. सौ.नं शांतपणे कडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, काढा पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर. आणलाच असेल तुम्ही!"

आणला होता. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस सहलीला निघाला तरी पाना-पक्कड घेऊनच निघतो.

स्थळ माथेरान. १९८१ साली, लग्नानंतर, ज्या हॉटेलात आम्ही चार दिवस राहिलो होतो, त्याच हॉटेलात गेल्या मार्चमध्ये पुन्हा गेलो. नाव सांगत नाही. ज्यावर आपला जीव आहे त्याची तक्रार चारचौघांत करू नये. चिंचवडहून कर्जत, तिथून लोकलनं नेरळ आणि पुढं छोटी गाडी. दोन फुटी रुळांची ही गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी, १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि त्यांच्यामागून मुंबईच्या साहेबांनी आणि शेटजींनी इथं बंगले बांधले. आमचं हॉटेल हा असाच एक बंगला.

सुख म्हणाल तर अपार. ऐसपैस व्हरांडा, लांब हातांच्या आरामखुर्च्या, जांभ्या दगडाच्या भिंती आणि समोर दाट झाडी. दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटारींना बंदी. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरांच्या रांगेत अडकण्याची सवय झालेल्या माझ्यासारख्याला ती शांतता आधी खोटीच वाटली. सकाळी पितळी ट्रेमधून चहा आला. ट्रे तोच असावा, असं सौ.चं म्हणणं. मी वाद घातला नाही.

पण नळाला गरम पाणी नव्हतं, ते बादलीनं आलं. पंख्याचं बटण दाबलं की दिवा लागे. छतावर ओलीचा डाग हातपाय पसरून बसला होता. या सगळ्याला आम्ही हसलो. हसू थांबलं ते संध्याकाळी. सौ. व्हरांड्याच्या कठड्याला टेकून दरीकडे बघत होती. करकर असा आवाज झाला आणि कठड्याचा खांब मुळासकट बाहेर गेला. तिचा दंड माझ्या हाती लागला म्हणून बरं. खाली पुरुषभर खोल दगडी उतार होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारखान्यात मशीन बंद पडलं की आम्ही 'का' या प्रश्नाचा माग काढत मागं मागं जायचो. तसाच निघालो. खांब का निखळला? बुडाशी कुजला होता. का कुजला? पावसाळाभर त्यावर पाणी ठिबकत होतं. ते कुठून आलं? वरच्या वाशावरून. आणि वाशावर? फुटलेल्या एका कौलातून. एक कौल! ते वेळेवर बदललं असतं तर वासा वाचला असता, छत वाचलं असतं आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला नसता.

सकाळी तिथल्या वयस्कर रखवालदाराला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, माकडं कौलं फोडतात. पूर्वी मे महिन्यात दोन गडी आठ-आठ दिवस वर असायचे, सगळी कौलं चाळून घ्यायचे. आता मालकांच्यात वाटण्यांचा दावा चाललाय. एकानं कौल घालायचं म्हटलं की दुसरा म्हणतो, निकाल लागू दे. इथं सिमेंटचं पोतंसुद्धा घोड्यावरून येतं. पैसा कोण घालणार?"

मला मुंबईचं वॉटसन हॉटेल आठवलं. १८६०च्या दशकात ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून उभारलेली ती इमारत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चित्रं भारतात प्रथम हलली ती तिथंच. पुढं हॉटेल बंद पडलं, खोल्याखोल्यांतून भाडेकरू आले आणि २००५ मध्ये तिच्या दर्शनी भागाचा एक तुकडा कोसळला. इतिहास सांगायला पुष्कळ लोक असतात. पागोळी तपासायला शिडीवर कोण चढणार?

हे सगळं मनात चाललं असताना परतीच्या गाडीत सौ. सहज म्हणाली, "चाकणच्या घराची कौलं कधी चाळली हो आपण?"

मी गप्प. आमचं वडिलोपार्जित घर चाकणला, संग्रामदुर्गापासून हाकेच्या अंतरावर. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाला तिथं जवळजवळ दोन महिने झुंजवलं. अखेर सुरुंगानं बुरूज उडाला तेव्हा किल्ला पडला. त्या किल्ल्याला निदान शत्रू तरी होता! आमचं घर कोण पाडतंय? आम्ही तिघे भाऊ. अण्णा वारल्यापासून 'वाटण्या झाल्या की बघू' हेच आमचं उत्तर. त्या मालकांत आणि आमच्यात फरक एवढाच, की आम्ही अजून कोर्टात गेलेलो नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मशीनला न चुकता तेल घातलं आणि आईच्या स्वयंपाकघरावरच्या फुटक्या कौलाकडे मान वर करून पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर धाकट्याला फोन केला. म्हटलं, "वाटण्या राहू दे. मे महिन्यात दोन दिवस ये. पैसे मी घालतो, हिशेब नंतर." तो आला. दुसऱ्या दिवशी थोरला दादाही आला. शिडी धरायला म्हणून आलेला माणूस स्वतःच वर चढला आणि खाली वहिनींचा जीव टांगणीला! दोनशेवर कौलं बदलली. वाटण्यांचा विषय निघाला, पण चहाच्या वेळी, आणि आवाज न चढवता.

पहिल्या पावसात माजघरात एका जागी गळलंच. खाली पातेलं ठेवलं आणि वर वाशावर खडूनं खूण करून ठेवली. पुढच्या मे महिन्यासाठी.