किर्लोस्करवाडीचा नांगर आणि कुलूपबंद ट्रॅक्टर

ऐन हंगामात ऊसतोडणी यंत्र बंद पडले की नुकसान दोन्हीकडून होते. तोडणीला आलेला ऊस फडात वाळतो, त्याचे वजन आणि साखर उतारा घटतो. तिकडे यंत्राच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. कराड, वाळवा, पलूस, कडेगाव या पट्ट्यात अशा वेळी पूर्वी गावातला फिटर पाना-पक्कड घेऊन यायचा. आता त्याच्या आधी लॅपटॉप यावा लागतो, आणि त्यातला प्रोग्रॅम कंपनीच्या अधिकृत माणसाकडेच असतो. फिटरला बिघाड कळत नाही असे नाही. यंत्र त्याला तो सांगत नाही.

विकत घेतलेली वस्तू आपण किंवा आपल्या माणसाने उघडून दुरुस्त करावी, यासाठी जगभर चाललेली चळवळ म्हणजे दुरुस्तीचा हक्क. प्रोग्रॅम उघडून पाहता यावा, बदलता यावा, यासाठी चाललेली दुसरी चळवळ मुक्त सॉफ्टवेअरची. बरीच वर्षे या दोघींचे रस्ते वेगळे वाटत होते. ट्रॅक्टरमध्ये संगणक बसला आणि ते एक झाले. सातारा-सांगलीला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण इथली कारखानदारीच मुळी दुरुस्तीतून उभी राहिली.

कुलूप आले कुठून

50 अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे निकष, म्हणजे ट्रेम-4, देशात 1 जानेवारी 2023 पासून लागू झाले. हेतू चांगला होता आणि धूर खरोखर कमी व्हायलाच हवा होता. पण निकष पाळण्यासाठी इंजिनाची रचना बदलली. जुन्या इंजिनात डिझेल पंप आणि नोझल पूर्णपणे यांत्रिक असत. पंप उतरवायचा, टेस्ट बेंचवर लावायचा, नोझलचा फवारा डोळ्यांनी पाहायचा, शिमची पातळ चकती टाकून दाब जुळवायचा. ही विद्या तालुक्याच्या गावात चार ठिकाणी मिळायची आणि लहान ट्रॅक्टरांसाठी आजही मिळते.

नव्या मोठ्या इंजिनांत बहुतेक ठिकाणी कॉमन रेल पद्धत असते. एका नळीत प्रचंड दाबाने डिझेल साठवलेले असते आणि कोणत्या इंजेक्टरने किती क्षण उघडायचे ते संगणक ठरवतो. तापमान, दाब, फेरे यांची खबर सेन्सर त्याला देत राहतात. एखाद्या सेन्सरची खबर चुकीची आली तर संगणक इंजिनाची ताकद उतरवतो आणि पडद्यावर एक आकडा दाखवतो. त्या आकड्याचा अर्थ सांगणारे पुस्तक, तो पुसणारा स्कॅनर आणि नव्या भागाची ओळख पटवणारा प्रोग्रॅम, या तिन्ही गोष्टी कंपनीच्या ताब्यात राहू शकतात. अशा अनेक इंजिनांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावर छापलेला कोड संगणकात भरावा लागतो. भाग खरा, बसवणारा हुशार, पण कोड भरायची सोय नाही, म्हणून काम अर्धवट.

ऊसतोडणी यंत्रांत तर हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक भागांची आणखी गर्दी. मजुरांची टंचाई वाढली तशी राज्य सरकारने या यंत्रांना 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान देणारी योजना आणली. एवढा सार्वजनिक पैसा यंत्रामागे जाणार असेल तर सेवापुस्तिका आणि निदानाची साधने खरेदीदाराला मिळालीच पाहिजेत, अशी अट अनुदानाला जोडणे अवघड नव्हते. ती जोडायला अजूनही हरकत नाही.

सतारीपासून नांगरापर्यंत

दुरुस्तीतून धंदा कसा उभा राहतो ते मिरजेत दिसते. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या धंद्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या शिकलगारांकडे जाते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार आणि झिलई देणारे कारागीर. इंग्रजी अंमल पक्का झाला आणि शस्त्रांचे काम आटले. मिरजेत पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारामुळे गवई-वादकांची ये-जा होती आणि त्यांची वाद्ये बिघडत. फरीदसाहेब या शिकलगारांनी ती दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त करता करता भोपळा कसा जोडतात, जवारी कशी लावतात हे हाताला कळले आणि मग ते स्वतःच तंबोरे घडवू लागले. वाद्य उघडून पाहायला कोणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून हे घडले. पुढे मिरजेचे तंबोरे देशभरच्या मैफलींत पोहोचले.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्टही याच वळणाची. 1888 मध्ये बेळगावात त्यांचा धंदा सुरू झाला तो सायकलींचा. विकणे आले, चालवायला शिकवणे आले आणि दुरुस्ती तर आलीच. त्यातून कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर झाले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने नांगर सुरुवातीला खपेनात. नंतर मात्र खपले, कारण नांगर कामाचा होता आणि झिजलेला फाळ बदलण्यासारखा होता. साताऱ्यात कूपर घराण्याने 1922 मध्ये सुरू केलेल्या कारखान्याची इंजिने आणि किर्लोस्करांची इंजिने पुढे विहिरींवर धडधडत राहिली, ती गावोगावच्या मेस्त्रींच्या जिवावर. इंजिन कोण उघडतो यावर कारखान्याने पहारा बसवला नव्हता, आणि त्यामुळे कारखान्याचे काही वाईट झाले नाही. उलट, मेस्त्री ज्याचे नाव घेईल ते इंजिन शेतकरी घ्यायचा.

दुरुस्ती म्हणजे गरिबाची काटकसर, असे शहरात समजतात. या दोन जिल्ह्यांचा अनुभव वेगळा आहे. इथे दुरुस्ती ही कारखानदारीची पहिली इयत्ता होती, आणि संगणकाचे कुलूप नेमकी तीच इयत्ता बंद करते.

अडलेला प्रिंटर

मुक्त सॉफ्टवेअरची सुरुवातही एका अडलेल्या यंत्रापासून सांगतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत 1980 च्या सुमारास झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम बदलून, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मागितला तर तो दाखवायला नकार मिळाला. 1983 मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि 4 ऑक्टोबर 1985 रोजी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. (कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापली तीही 4 ऑक्टोबरलाच, 1919 मध्ये. योगायोगच, पण स्वावलंबनाच्या दोन शाळा एकाच तारखेच्या निघाव्यात हे मजेशीर आहे.)

स्टॉलमन यांची मागणी चार गोष्टींची होती. प्रोग्रॅम कशासाठीही चालवता यावा, उघडून अभ्यासता यावा, बदलता यावा आणि मूळ किंवा बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला देता यावा. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट म्हणजे शुद्ध दुरुस्तीचा हक्क. फाउंडेशनने 2025 मध्ये चाळिशीच्या निमित्ताने लिब्रेफोन हा प्रकल्प जाहीर केला. मोबाईलच्या आतल्या चिपांना चालवणारे जे बंद प्रोग्रॅम उरले आहेत, त्यांना मुक्त पर्याय शोधणे हे त्याचे काम. काम किचकट आहे आणि लवकर संपणारे नाही. पण मोबाईलचे आयुष्य शेवटी याच बंद प्रोग्रॅमांपाशी अडते, हे त्यांनी बरोबर हेरले आहे.

परदेशातली लढाई

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला आणि तो 2024 च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. ओरेगनने 2024 मध्ये सुट्या भागांना संगणकी ओळखीने जखडण्यावर बंदी आणली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 15 जानेवारी 2025 रोजी जॉन डिअरवर खटला भरला. दुरुस्तीचे पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत विक्रेत्यांना देऊन कंपनी शेतकऱ्यांची अडवणूक करते, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. याच कंपनीचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीलाही बनतात, म्हणून ही बातमी आपल्यापासून फार लांबची नाही. युरोपात 20 जून 2025 पासून नव्या मोबाईलचे महत्त्वाचे सुटे भाग, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे पुरवणे बंधनकारक झाले. दुरुस्तीबाबतचा तिथला व्यापक आदेश सदस्य देशांनी लागू करण्याची मुदत 31 जुलै 2026 आहे.

दिल्लीचे कागद

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये समिती नेमली. तिने चार क्षेत्रे ठरवली: शेतीची अवजारे, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी देणारे पोर्टल सुरू झाले. कंपन्यांनी त्यावर आपापली माहिती ठेवायची आहे, सक्ती नाही. पुढे दुरुस्ती निर्देशांकासाठी आणखी एक समिती झाली आणि तिचा अहवाल मे 2025 मध्ये सरकारकडे आला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग किती काळ मिळतात, माहिती आणि सॉफ्टवेअर अद्यतने मिळतात का, यावरून गुण द्यावेत आणि ते दुकानात ग्राहकाला दिसावेत, अशी शिफारस आहे. सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून. म्हणजे 2022 च्या यादीत पहिले नाव असलेली शेतीची अवजारे इथे मागे पडली. मोबाईल बिघडला तर माणूस दुसरा वापरतो. ट्रॅक्टर दुसरा नसतो. क्रम उलटा हवा होता.

कायद्याची आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. डिजिटल कुलूप तोडण्यावर अमेरिकी कायदा सरसकट बंदी घालतो आणि मग अपवाद देत बसतो. ट्रॅक्टरसाठीचा तसा अपवाद 2015 मध्ये मिळाला. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65 अ वेगळे आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडले तरच त्यात तो गुन्हा ठरतो. शिवाय कलम 52 कायदेशीर वापरकर्त्याला प्रोग्रॅम कसा चालतो ते तपासण्याची आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवण्यापुरती माहिती मिळवण्याची मोकळीक देते. ही कलमे ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नाहीत, पण त्यांची भाषा दुरुस्ती करणाऱ्याच्या विरोधात नाही. अडचण वेगळीच आहे. कायदा फिटरला अडवत नाही, तसाच तो कंपनीला पुस्तिका द्यायलाही भाग पाडत नाही.

भाग पाडण्याचा एक मोठा प्रयत्न स्पर्धा आयोगाने केला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड झाला. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले. तरी आयोगाचे तत्त्व महत्त्वाचे आहे: गाडी घेतल्यावर ग्राहक त्या कंपनीच्या सुट्या भागांना बांधला जातो, म्हणून त्या बाजारात प्रत्येक कंपनी मक्तेदारच असते. हे तत्त्व ट्रॅक्टरला आणि ऊसतोडणी यंत्रालाही तसेच लागू पडते.

सौरपंपाचे सहावे वर्ष

खटाव, माण, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत सौरपंप वाढत आहेत. राज्याच्या मागेल त्याला सौर कृषीपंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्केच भरावे लागतात आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी विम्यासह असते. सोय उत्तम आहे. प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे. मोटर जळाली तर वाइंडिंग करणारा गावात आहे. पॅनेल सहसा बिघडत नाही. बिघडतो तो मधला कंट्रोलर, आणि त्याचा सर्किटचा आराखडा किंवा प्रोग्रॅम बाहेर मिळत नाही. निविदेतच कंट्रोलरचा आराखडा खुला करण्याची अट घातली तर आयटीआयमधली मुले ते काम शिकतील. नाहीतर हमी संपल्यावर चांगली मोटर आणि चांगले पॅनेल एका पेटीपायी पडून राहतील.

संगणक भंगारात देण्याआधी

संगणकाचेही तेच. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही, त्यामुळे शाळा, पतसंस्था, सोसायट्या यांच्याकडचे धडधाकट संगणक कालबाह्य ठरू लागले. त्यांवर लिनक्स मिंट किंवा डेबियन घालता येते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच, लोहित देवनागरीसारखे मुक्त टंकही मिळतात आणि लिब्रेऑफिसमध्ये पत्रव्यवहार-हिशेब होतो. टॅलीसारखा एखादा प्रोग्रॅम अडतो, हेही खरे. तो एक संगणक वेगळा ठेवावा. केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरून दाखवले आहे.

मदतीला माणसे लांब शोधायला नकोत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे आणि तो नवख्यांसाठी कार्यशाळा घेतो. कॉलेजची मुले आणि तालुक्यातल्या शाळा यांची गाठ पडली, तर एका सुट्टीत बरेच संगणक वाचतील.

कंपन्यांचे म्हणणे

कंपन्या म्हणतात, अर्धवट ज्ञानाने संगणकात हात घातला तर अपघात होतील, धुराचे निकष मोडले जातील. यात तथ्य नाही असे नाही. धूर वाढवून ताकद चढवणारे महाभाग सगळीकडे असतात. पण बिघाडाचा आकडा वाचू देणे, सेन्सर बदलू देणे, इंजेक्टरचा कोड भरू देणे आणि धुराची मर्यादा बदलू देणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तीन खुल्या ठेवून चौथी बंद ठेवता येते. सगळ्यांना एकच कुलूप लावण्यामागे सुरक्षिततेपेक्षा सेवा केंद्राचे उत्पन्न जास्त दिसते.

खरेदीआधी विचारा

यंत्र घेताना किमतीची घासाघीस आपण करतोच. त्याच बैठकीत चार प्रश्न विचारा. सेवापुस्तिका मिळेल का, आणि मराठीत? बिघाडाचे आकडे वाचणारे साधन विकत मिळते का? सुटे भाग किती वर्षे मिळतील? बाहेरच्या फिटरने हात लावला तर हमी कोणत्या भागांपुरती जाईल? उत्तरे कोटेशनवर लिहून घ्या. सुटा भाग किंवा दुरुस्ती नाकारली गेली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रार मराठीतही नोंदवता येते.