आराखड्याचे व्याकरण : आर्किमेट

बँकेचा अथवा करखात्याचा अवघा कारभार एका चित्रात मांडावयाचा, तर दफ्तरातील कामे, ती उरकणाऱ्या संगणक-प्रणाली आणि त्यांच्या मुळाशी असलेली यंत्रसामग्री हे तिन्ही थर एकाच चित्रलिपीत यावयास हवेत, या निकडीतून २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समध्ये, तेथील करखाते व एबीएन आम्रो बँक यांच्या सहभागाने, ‘आर्किमेट’ ही आरेखनभाषा सिद्ध झाली. २००८ साली ती ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेच्या स्वाधीन झाली आणि पुढल्याच वर्षी तिची प्रमाण आवृत्ती निघाली.

तिची घडण वाक्यासारखी आहे. विम्याच्या दाव्याचा दाखला घेतला, तर दावे तपासणारा अधिकारी हा कर्ता, छाननी ही क्रिया आणि दाव्याचा अर्ज हे कर्म; छाननीस साहाय्य करणारी संगणकसेवा आणि तिच्याखालचा सर्व्हर बाणांनी जोडले, की तो सर्व्हर बंद पडल्यास नेमके कोणते काम खोळंबेल, हे तत्काळ ध्यानी येते. कामकाजाला पिवळा, प्रणालींना निळा व यंत्रांना हिरवा रंग देण्याचा प्रघात आहे खरा. परंतु प्रमाणग्रंथाने रंगांना कोणताही अर्थ नेमून दिलेला नाही, हे पुष्कळ जाणत्यांच्याही गावी नसते. आज्ञावलीच्या अंतर्रचनेचा सूक्ष्म तपशील मात्र येथे शोधू नये. त्या कामी १९९७ पासून प्रमाण मानली गेलेली ‘यूएमएल’ आहेच.