आखाडा आणि माणसं (भाग ६) : पैलवान ते वस्ताद

मागच्या भागात मातीवरच्या आणि मॅटवरच्या कुस्तीतला फरक पाहिला. मातीत पाठ लागली की कुस्ती निकाली. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. भोर-वेल्ह्याच्या यात्रांमधल्या फडांत तयार झालेला मुलगा पुण्यात आल्यावर नेमका इथं अडतो. त्याला पुढं नेतो तो वस्ताद, आणि वस्ताद म्हणजे कालचा पैलवानच.

बिल रसेल १९६६ ते १९६९ या काळात बोस्टन सेल्टिक्सकडून बास्केटबॉल खेळत असतानाच त्या संघाचा प्रशिक्षकही होता. खेळाच्या इतिहासात याचं मोठं कौतुक आहे. आपल्या तालमींना मात्र यात नवल वाटणार नाही. इथं वस्ताद स्वतः लांग कसून पोरांशी लढत धरतो.

लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९चे महाराष्ट्र केसरी. १९७०च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं, १९७७ साली बेळगावात सतपालला हरवलं. पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. त्यांतलेच एक काका पवार, तेही लातूरचेच. पवारांचा प्रकार ग्रीको-रोमन, म्हणजे कमरेखाली पकड नाही, पायांचा वापर नाही. आपल्या गावच्या फडात हा प्रकार कोण खेळतो? तरी त्यात त्यांनी १९९८चा अर्जुन पुरस्कार मिळवला. माझ्या मते त्यांच्या शिकवण्याचं बळ यातच आहे. मातीतून मॅटवर जाताना काय सोडावं लागतं, हे ते स्वतःच्या अंगावर शिकलेले आहेत.

त्यांचं कुस्ती संकुल कात्रजला आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांचा पठ्ठा. २०११ साली बिराजदार गेले आणि राहुल पवारांच्या हाताखाली आला. २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्यानं सुवर्ण घेतलं, २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. एका गुरूनं पाया घातला, दुसऱ्यानं कळस चढवला.

जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघंही पवारांचेच पठ्ठे. हर्षवर्धननं ३-२ अशी कुस्ती जिंकली आणि हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. वस्तादाच्या शिकवणीचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

भोरहून किंवा वेल्ह्याहून चेलाडी फाट्यामार्गे पुण्याला येताना कात्रज वाटेतच लागतं. यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे : इनामाच्या रकमेतला थोडा वाटा दरवर्षी बाजूला काढा आणि गावच्या तालमीत एक मॅट आणा. पोरगं बारा-तेरा वर्षांचं असतानाच त्यावर उतरू द्या.